शेजारच्या पायाखालचा ब्रेक

मी एक जुना ब्रेक आहे, मित्रांनो, पण गाडी चालवणाऱ्याच्या पायाखालचा नव्हे. गाडी शिकवायच्या गाडीत शेजारी बसलेल्या शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो मी.

माझा जन्म गॅरेजमध्ये झाला. मिस्त्रींनी लोखंडी पट्टी वाकवली, तिला रबर चढवलं आणि एका दांड्याने मला मूळ ब्रेकशी जोडून टाकलं. "हा त्याचा धाकटा भाऊ," ते म्हणाले. मला ते फारसं रुचलं नाही. गाडी थांबवायच्या वेळी कसला आलाय थोरला आणि धाकटा!

पुढची बरीच वर्षं मी मास्तरांच्या पायाखाली काढली. चौक आला की शिकणाऱ्यांचे खरे गुण दिसत. रस्ता आपल्या तीर्थरूपांचा असल्यासारखे काहीजण घुसत. काहीजण चौक दिसला की डोळेच मिटून घेत. दोन्ही वेळा मास्तर मला दाबत आणि तेच सांगत, "मोठ्या रस्त्यावरचा आधी. रस्ते सारखे असतील तर उजवीकडचा आधी. यात मानापमान नाही." शिकून झालं की लोक मास्तरांचे आभार मानत. माझे कोणी मानले नाहीत. मला त्याचं काही वाटत नसे, असं आपलं मी म्हणतो.

एके दिवशी पडदे शिवणाऱ्या एक काकू शिकायला आल्या. त्यांचे यजमान जन्मभर ट्रक चालवत होते. आता त्यांची नजर जवळजवळ गेली होती आणि त्यांना वरचेवर दवाखान्यात न्यावं लागे. त्यासाठी धाकट्या दिराच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत. दीर यायचा, पण तोंड फुगवून. "मला कुणाचं तोंड बघायचं नाही आता," काकू पहिल्याच दिवशी मास्तरांना म्हणाल्या.

काकूंचा हात चांगला होता. अडचण एकच होती, त्यांच्या भिडस्तपणाची. चौकात हक्क त्यांचा असला तरी त्या थांबत आणि हसून समोरच्याला हात करत, "या, या, तुम्ही आधी!" जणू पाहुणेच आलेत. मागे हॉर्नचा कल्ला व्हायचा. मास्तर समजावून थकले.

"अहो, दोन मिनिटं थांबलं तर बिघडलं कुठं?" काकू विचारत.

ते एका सकाळी कळलं. आम्ही मोठ्या रस्त्यावर होतो. बाजूच्या गल्लीच्या तोंडाशी एक सायकलवाला गादीची वळकटी मागे बांधून वाट बघत उभा होता. काकू थांबल्या आणि त्यांनी त्याला हात केला. तो विश्वासाने निघाला. आमच्या गाडीच्या पुढून तो बाहेर आला, तेवढ्यात मागची व्हॅन आम्हाला ओलांडून पुढे गेली. तिला तो दिसलाच नव्हता. मास्तरांनी मला पार तळाशी दाबलं, पण आमची गाडी तर उभीच होती! उभ्या गाडीत ब्रेक काय करणार? इतकं हतबल मला कधीच वाटलं नव्हतं.

व्हॅनची धडक बसलीच. सायकलवाल्याचा जीव वाचला. हात मोडला. लोकांनी उचललं तेव्हा सायकलवाला कुणाला दोष देत नव्हता. तो एवढंच म्हणत होता, "ताईंनी हात केला, म्हणून निघालो."

काकू पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मी तर त्यांना आधी जाऊ दिलं हो!"

"तुमचा रस्ता तुम्ही दिलात," मास्तर हळूच म्हणाले. "पण व्हॅनवाल्याचा रस्ता तुमचा नव्हता. तो कसा देणार तुम्ही?"

काकू त्यानंतर बरेच दिवस फिरकल्या नाहीत. आल्या त्या थेट गाडीत बसल्या आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. चौकात दुसऱ्याचा हक्क असला की त्या थांबत, आपला असला की नीट बघून निघत. कुणाला खुणावणं नाही. परवाना मिळाला तेव्हा मास्तरांनी त्यांना हसून नमस्कार केला.

पुढे मास्तरांच्या ड्रायव्हिंगच्या शाळेने नवी गाडी आणली आणि आमची विकायला काढली. ती घेतली काकूंनीच. "हा जादाचा ब्रेक काढून टाकू का?" मिस्त्रींनी विचारलं. मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतला.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या पायाला चाळा हवा."

चाळा कसला, छळच होता तो! काकांना दिसत नसे, पण हॉर्न ऐकू आला की ते मला कचकन दाबत. भर चौकात गाडी गचके खाई.

"अहो, गाडी मी चालवतेय ना?"

"मला काय दिसतंय? आधी कोण आहे, ते तरी सांग!"

मग काकू सांगू लागल्या. प्रत्येक चौकात, न चिडता. "उजवीकडून टेम्पो आहे, तो आधी." गाडी थांबे. "आता आपण." गाडी निघे. त्या सांगत तसंच दर वेळी घडे, आणि काकांचा पाय हळूहळू हलका होत गेला.

मित्रांनो, चौकात भेटणारा माणूस तुमच्या मनात काय आहे ते बघू शकत नाही. त्या बाबतीत तो काकांसारखाच असतो. त्याला फक्त नियम ठाऊक असतो आणि तुम्ही तो पाळाल या भरवशावर तो पुढे येतो. हक्क नसताना घुसू नका, आणि असेल तर निमूटपणे घ्या. जे आपलं नाही ते चांगुलपणानेही वाटू नका. तुमच्या गाडीत माझ्यासारखा कोणी बसवलेला नसेल.

परवा दवाखान्यातून परतताना तोच मोठा रस्ता, तीच गल्ली आली. मागे कुणीतरी जोरात हॉर्न दिला. मी सवयीने अंग आवळून वाट बघत राहिलो. काकू म्हणाल्या, "आता आपण." माझ्यावरचा पाय हललाच नाही. काका केव्हाचे झोपले होते.