एकदा चालेल एवढा कॅम

“अस्सल आणून शेजारी ठेवा. घडवणाऱ्या बापालासुद्धा ओळखू यायचा नाही!”

सुट्या भागांच्या दुकानदाराने कॅमशाफ्ट तिच्यासमोर काउंटरवर ठेवला. हातभर लांबीचा, तेलाने चकचकीत, अंगावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. ती लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करणारी बाई. तिला यातलं कळत होतं ते नवऱ्याच्या तोंडून ऐकलेलं. हा दांडा फिरला की उंचवट्यांनी झडपा उघडतात, मिटतात, आणि इंजिन श्वास घेतं. शर्यतीच्या इंजिनाला उंचवट्यांची घडण वेगळी लागते, आणि ती ज्याच्या हाताला साधली होती तो कारागीर दूरच्या शहरात बसला होता. त्याला तिने फोन केला होता. “हिवाळा संपला की तुमची पाळी,” तो म्हणाला होता.

हा शाफ्ट त्याच्या घडणीची नक्कल होता. कुठल्यातरी भंगारातल्या गाडीचा जुना दांडा घासून त्या आकारावर आणलेला. स्वस्त, आणि आज मिळणारा.

“किती चालेल हा?” तिने विचारलं.

“तुम्हाला किती चालवायचाय?”

“एकदा.”

दुकानदाराच्या तोंडावर आलेला विनोद तिथेच विरला. त्याने शाफ्ट कागदात नीट गुंडाळला. “एकदा चालेल,” तो हळू आवाजात म्हणाला. “घासताना वरची कडक साल जाते, बाई. आतलं लोखंड मऊ. बसवणाऱ्याला म्हणावं, वंगण लावताना हात आखडू नको.”

तिच्या नवऱ्याला सगळे कानसेन म्हणत. बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून तो गाडीचं दुखणं सांगायचा. भंगारातून उचलून आणलेलं एक इंजिन त्याने घरामागच्या शेडमध्ये कित्येक वर्षं संध्याकाळी बसून उभं केलं होतं. बायकोने त्या इंजिनाला सवत म्हणावं आणि त्याने हसावं, असं चाललं होतं. सगळं जुळलं, एक कॅम तेवढा राहिला, आणि फुप्फुसांनी दगा दिला. आता पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरत असे.

“फार लांबचे बेत करू नका,” डॉक्टर तिला दवाखान्याच्या जिन्यात म्हणाले होते. पानगळ सुरू होती. हिवाळा यायचा होता.

घरात मात्र लांबचेच बेत चालत. पुढच्या उन्हाळ्यात डोंगरावरच्या शर्यतीत धाकट्या भावाने गाडी कशी हाकायची, हे तो पडल्या पडल्या सांगायचा आणि सगळे माना डोलवायचे. खरं काय ते घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

शेडमध्ये दिराने कागद उलगडला आणि त्याचा चेहरा पडला. “वहिनी, हा घासलेला आहे! दादाला कळलं तर माझी सालटी काढेल. गिऱ्हाइकांनी आणलेले असले शाफ्ट तो भंगाराच्या डब्यात फेकायचा. म्हणायचा, साल सोललेला माणूस उन्हात किती वेळ उभा राहणार?”

“माहीत आहे मला.”

“झिजला तर नुसता हा नाही जाणार. लोखंडाचा कीस तेलातून साऱ्या इंजिनात फिरेल. त्याच्या इतक्या वर्षांच्या कष्टांची माती होईल.”

“भाऊजी, तो कारागीर हिवाळ्यानंतर देणार आहे.” दिराने तिच्याकडे पाहिलं, मग फडकं घेऊन शाफ्ट पुसायला लागला.

त्या संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, “शाफ्ट आला म्हणे?”

“आला.”

“इतक्यात? तो तर भल्याभल्यांना ताटकळत ठेवतो.”

“तुमचं नाव सांगितलं मी.”

त्याचा चेहरा असा फुलला की तिला तिथे बसवेना. पाणी आणायचं निमित्त करून ती उठली आणि स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तिने आणि दिराने त्याला खुर्चीसकट उचलून शेडच्या दारात आणलं, ऑक्सिजनचं यंत्रही शेजारी ठेवलं. तिने त्याच्या पायांवर पांघरूण घातलं. दिराने किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा पेटलं, आणि पत्र्याची भिंत थरथरायला लागली. नवऱ्याने डोळे मिटले. नळी लावलेल्या नाकाखाली ओठ हलकेच उघडले. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत तो असा दिसायचा.

मग त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने बोट वर केलं. “बंद कर!”

दिराने इंजिन बंद केलं.

“तिसऱ्या सिलिंडरची टकटक ऐकलीस? झडपेला अंतर पडतंय. घासलेला आहे हा.” श्वासासाठी तो थांबला. “कुणी आणला?”

“मी आणला,” ती म्हणाली. “भाऊजींना बोलू नका.”

“तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“सगळं ठाऊक असून असला माल माझ्या इंजिनात घातलास? चार महिने थांबवत नव्हतं तुला?”

दीर हातातलं फडकं घडी घालत राहिला. नवऱ्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा भावाकडे. दोघांच्याही नजरा जमिनीला खिळलेल्या. त्याचा राग हळूहळू उतरला आणि चेहऱ्यावर काहीच उरलं नाही.

“असं आहे होय,” तो म्हणाला. “डॉक्टर तुला बोलला.”

तिने मान हलवली.

“कधी?”

“झाले थोडे दिवस.”

“एकटीच घेऊन फिरलीस?”

पदराने तोंड दाबून ती तशीच उभी राहिली. मग तो भावाला म्हणाला, “लाव परत.”

“दादा, आता थांबवलं तर इंजिन वाचेल. खरा शाफ्ट आला की मी…”

“लाव म्हणतो ना.”

इंजिन पुन्हा सुरू झालं. “वाढव,” त्याने हाताने खूण केली. दिराने रडत रडत वेग वाढवला. टकटक आता तिलाही ऐकू यायला लागली, आधी बारीक, मग हातोडीसारखी. नवऱ्याने तिचा हात ओढून तिला खुर्चीशेजारी बसवलं आणि तो बोलायला लागला. त्या आवाजात तिला एक अक्षर कळेना. त्याच्यात उरला होता तेवढा श्वास खर्च करून तो बोलत होता, मध्येच थांबत होता, एकदा हसलासुद्धा. ती त्याच्या ओठांकडे बघत मान हलवत राहिली.

इंजिन अडखळलं, दोन आचके दिले आणि आपसूकच बंद पडलं. जळक्या तेलाचा वास सुटला. दीर तोंड फिरवून भिंतीकडे उभा राहिला.

“काय म्हणत होतात?” तिने विचारलं.

“झालं सांगून,” तो म्हणाला. “चल, आत ने मला. थंडी वाजतेय.”

तिने त्याच्या पायांवरचं पांघरूण वर ओढून छातीपर्यंत नीट खोचलं आणि दिराला खुर्चीची दुसरी बाजू धरायला हाक मारली.