पाचव्या ओळीतली मर

"मी आत पाय ठेवणार नाही. मालक होते तोवर ठीक होतं. आता मालक नाहीत, तरी आत आहेत. हे आपल्याला जमायचं नाही!" असं म्हणून लंबूनं रिकामी क्रेट पॉलिहाऊसच्या दारातच आपटली.

लंबू आमचा गडी. उंची अशी की वरच्या तारेला डोकं लागावं, आणि काळीज चिमणीचं.

"अरे, भर दुपारी कसलं भूत? भित्यापाठी ब्रह्मराक्षस," मी म्हणालो.

"मग तुम्ही जा की सातव्या ओळीत. दोन दिवस झाले, तुम्हीपण तिकडं फिरकला नाहीत."

गडी बोलला ते खरं होतं.

माझा थोरला भाऊ गेल्या उन्हाळ्यात इथंच गेला, पाचव्या ओळीत. टोमॅटोची बगलफूट, म्हणजे पानांच्या बेचक्यातली नको असलेली फूट, काढता काढता खाली बसला तो उठलाच नाही. आमच्या घरात एक रीत होती. धरलेली ओळ अर्धी सोडायची नाही. तहान लागो, पाहुणा येवो, ओळ संपवूनच बाहेर यायचं. त्या दिवशी त्यानं हाक मारली तेव्हा वहिनी दुसऱ्या ओळीत होत्या. त्या ओळ संपवून गेल्या. तोवर सगळं आटोपलं होतं.

नंतर नवं पीक लावलं. झाडं छातीपर्यंत आली, फुलं धरली, आणि पाचव्या ओळीतल्या एका झाडानं मान टाकली. पान पिवळं नाही, डाग नाही, कीड नाही. हिरवंगार झाड दुपारी मान टाकायचं, संध्याकाळी पुन्हा उभं राहायचं. तीन-चार दिवस असा खेळ, मग कायमचं आडवं. आधी पाचवी ओळ गेली, मग सहावी, आणि आता सातवी धरली होती. पहिल्या चार ओळींना मात्र धक्का नाही. जणू कुणीतरी एकेक झाड हात लावून मोजत पुढं येत होतं.

वहिनी रोज सकाळी आधी पाचव्या ओळीत जायच्या. फूट काढता काढता हळू आवाजात बोलायच्या. "आता तरी राग सोडा. चुकलं माझं. यायला हवं होतं मी." शेजारच्या ओळीत मला ते ऐकू यायचं आणि अंगावर काटा यायचा. मला भीती वाटत होती, सरळ सांगतो. कारण त्या दिवशी सातव्या ओळीत मी होतो.

शेवटी शेतकी ऑफिसातल्या बाईंना बोलावलं. ठेंगणी बाई, जाड भिंगाचा चष्मा, आवाज मात्र शाळेच्या घंटेसारखा. लंबूनं दारातूनच त्यांना भुताची हकिकत सांगितली.

"असू दे," बाई म्हणाल्या. "भुताला नंतर भेटू, आधी मला काचेचे दोन पेले आणि स्वच्छ पाणी द्या."

त्यांनी मेलेल्या झाडाचं खोड बुडाशी कापलं. आतून ते तपकिरी पडलं होतं. दारातली क्रेट पालथी घालून त्यावर पेले मांडले आणि बोटभर तुकडा दोऱ्यानं बांधून पाण्यात लोंबता सोडला. शेजारच्या पेल्यात दुसऱ्या ओळीतल्या धडधाकट झाडाचा तुकडा. आम्ही चौघं वाकून बघत राहिलो. दोन-तीन मिनिटं गेली असतील. आजारी तुकड्याच्या खालून एक पांढरी तार निघाली, दुधाच्या धारेसारखी, आणि सरळ तळाला उतरली. मागोमाग दुसरी. शेजारचं पाणी तसंच नितळ होतं.

"हे जिवाणू," बाई म्हणाल्या. "मर रोग म्हणतात याला. बुरशीची मर असती तर अशी धार आली नसती. पहिल्या चार ओळी कोण करतं?"

"मी. माझ्या कात्रीनं."

"आणि पुढच्या?"

वहिनींनी कमरेचा चाकू काढला. भावाचाच चाकू. मुठीला गुंडाळलेली सुतळी त्याच्या घामानं काळी पडलेली.

"हा धुता कधी?"

"याला पाणी लावत नाही मी," वहिनी म्हणाल्या. "त्यांचा हात आहे त्यावर."

बाईंचा आवाज एकदम खाली आला. "ताई, एक रोप आजारी निघालं असेल. तुम्ही रोज आधी तेच कापलंत आणि त्याच चाकूनं पुढं गेलात. झाडं ज्या क्रमानं मेली, तो तुमच्या हाताचा क्रम आहे. दुसरं कुणी चालत नाही इथं."

वहिनींनी चाकू पेल्याशेजारी ठेवला. "म्हणजे ते नव्हतेच?" त्यांनी विचारलं. "मी एवढे दिवस एकटीच बोलत होते?"

तिन्ही ओळी मुळासकट उपटा, गोणीत भरून बाहेर न्या, चाकू-कात्र्या झाडागणिक औषधाच्या पाण्यात बुडवा, एवढं सांगून बाई गेल्या.

लंबूची भीती पळाली. शीळ घालत तो गोण्या आणायला गेला. माझी मात्र तशीच होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं होतं माझं. वहिनी पाचव्या ओळीत झाडं उपटत होत्या, डोळे कोरडे, ओठ घट्ट. अजूनही ती हाक त्या स्वतःच्याच डोक्यावर वाहत होत्या. मला राहवेना.

"वहिनी," मी म्हणालो, "त्या दिवशीची हाक तुम्हाला नव्हती. दादानं मला बोलावलं होतं. धाकल्या म्हणाला तो, दोनदा. मी सातव्या ओळीतून ओरडलो, ओळ संपवून येतो. आणि नंतर तुम्ही सगळ्यांसमोर स्वतःला दोष देत राहिलात, तरी मी तोंड उघडलं नाही."

वहिनींनी हातातलं झाड गोणीत दाबलं. मातीचे हात लुगड्याला पुसले.

"माहीत आहे मला, भावजी," त्या म्हणाल्या. "नाव तुमचं होतं, स्पष्ट ऐकलं मी. पण कान मलाही होतेच की."

मग त्यांनी पुढच्या झाडाला हात घातला. खोड घट्ट होतं, एकटीला उपटेना. मी दुसऱ्या बाजूनं धरलं.