रामनाथकाकांची वही
ज्वालामुखी फुटला की हवेत इतक्या खालच्या पट्टीचा आवाज उठतो, की तो माणसाला ऐकूच येत नाही. पण हजारो किलोमीटर जातो. तो टिपणारं यंत्र मी भिवंडीजवळच्या पूर्णा गावात बसवलं, रामनाथकाकांच्या उरलेल्या दहा गुंठ्यांत. हे माझंच शहाणपण. शेजारी गोदाम, आणि त्याचं अवाढव्य शटर पडलं की यंत्रावर स्फोटासारखीच रेघ उठायची. म्हणून काकांना वही दिली. शटर पडलं की त्यांनी वेळ लिहायची, आणि त्या वेळेची रेघ मी खोडायची.

सत्तरीचे काका दिवसभर खुर्ची टाकून बसायचे. जेवायला उठले तर बायकोला, जानकीबाईंना, बसवायचे.

मार्चमध्ये एका सकाळी अकरा वीसला मोठी रेघ उठली. वहीत नोंद नव्हती. मी फोन केला.

"काका, डोळा लागला होता का?"

"न्हाय बाय. शटर पडलाच न्हाय."

"मग रेघ काय आभाळातून पडली?"

मी रेघ खोडली आणि अहवालात लिहिलं, निरीक्षक झोपला होता. लिहिताना हात जराही अडखळला नाही, याची आता लाज वाटते.

मेमध्ये इतर केंद्रांच्या नोंदी आल्या. त्या सकाळी इंडोनेशियात स्फोट झाला होता आणि त्याची लाट भिवंडीवरून अकरा वीसलाच गेली होती. काका जागे होते. खरंही तेच बोलत होते.

मी पेढे घेऊन काकांकडे गेले. माफी मागितली.

"जाऊ द्या मॅडम," काका म्हणाले. आधी मी त्यांची बाय होते.

त्यांनी वही पुढे केली. मार्चनंतर प्रत्येक पानावर दर पाच मिनिटांनी नोंद. दर आठवड्याला पानांचे फोटो यायचे. रेघेपाशी वेळ सापडली की मी खूश, बाकी पान कोण बघतं?

"इतक्या वेळा शटर पडतं?"

"न्हाय पडत. पन एखादा सुटला तर परत मीच झोपलेला. त्यापरीस सगलाच लिवतो."

मी म्हटलं, "काका, यापुढे खरं तेवढंच लिहा. मी मानेन."

तेवढ्यात शेजारी शटर धाडकन पडलं. काकांनी घड्याळ पाहिलं, पेन उचललं आणि माझ्याकडे बघत थांबले.

"लिवू का, मॅडम?"