अर्धा हत्ती

मित्रांनो, मी एक जुना हत्ती आहे. खरं सांगायचं तर अर्धाच! डोकं, सोंड आणि पुढचे दोन पाय, एवढंच माझं उरलं आहे.

नेब्रास्कातल्या एका गावात आर्डिस नावाच्या बाईने जुन्या करड्या पडद्यांतून मला शिवलं. हत्ती ही तिच्या पक्षाची निशाणी. चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत माझं सोंग नाचवायचे. पुढच्या पायांत ड्वेन, मागच्या पायांत त्याचा जिवलग मित्र, आर्डिसचा नवरा लेलंड. मागच्याला काहीच दिसत नसे. तो ड्वेनच्या कमरेला धरून चाले आणि ड्वेन ओरडून सांगे, "सांभाळ रे, खड्डा!" पोरं टाळ्या पिटत. काय दिवस होते ते!

मग पक्षातच उमेदवारीवरून जुंपली. दोघांचे उमेदवार वेगळे.

"तुम्ही कसले पक्षाचे? फितूर सगळे!" ड्वेन म्हणाला.

"आणि तू? काल आलेल्या पाहुण्याला घरमालक करायला निघालास!" लेलंडने सुनावलं.

मतं फुटली, पक्ष हरला. निवडणूक संपली, पण अबोला संपला नाही. मग हत्ती कोणाचा यावर वाद पेटला आणि ड्वेनने रागाच्या भरात मला पोटातून कापलं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात; माझं तर शेपूटच गेलं! ते लेलंडच्या घरी असतं. बर्फ वितळलं की आर्डिस त्याला उन्हात घालते म्हणे. मी इथे ड्वेनच्या गॅरेजात जुन्या टायरांवर पडून माझ्या मागच्या अर्ध्याची वाट बघतो. समोरच्या पक्षाचे, गाढव निशाणीवाले आम्हाला हसतात, पण त्यांच्या घरातही भांड्याला भांडं लागतंच.

यंदा ड्वेन हट्टाने मला घालून एकटाच निघाला.

"आई, हत्तीचं ढुंगण कुठे गेलं?" एका पोरीने विचारलं. सगळे खो खो हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेलंड रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसला होता. त्याच्यासमोर येताच ड्वेनच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "सांभाळ रे, खड्डा!"

लेलंड उभा राहिला. "कोणाला सांगतोस, ड्वेन? मागे कुणी नाहीये."

ड्वेन थांबला. मला वाटलं, आता हा म्हणेल, 'मग ये की!' पण बँड पुढे गेला होता. आम्हीही पुढे गेलो.

मित्रांनो, एका घरात, एका पक्षात भांडणं व्हायचीच. खुशाल भांडा. पण कुणी असं उठून उभं राहिलं, तर निदान मान वळवा. मला एकदा तरी चारही पायांवर चालायचं आहे.