खारपाणाचा कूलर आणि काचेतले घोडे

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे, आणि माझा स्वभाव जळका आहे हे आधीच सांगून ठेवतो. गार हवा देणाऱ्यानं जळावं, याचं तुम्हाला हसू येईल. पण अकोल्याच्या उन्हात माझ्याइतकी वर्षं उभं राहून दाखवा. मग तुमच्या हक्काच्या जागेवर अर्ध्या बोटाएवढा घोडा येऊन बसला, की काय वाटतं ते मला सांगा.

माझा जन्म इथल्याच एका पत्र्याच्या दुकानात झाला. जाड लोखंडी पत्रा, तीन बाजूंना गवत भरलेल्या ताट्या, पोटात पाणी, पाणी वर चढवणारा एक छोटा पंप आणि समोर भलामोठा पंखा. जानराव मला ऑटोत घालून घरी घेऊन आले, तेव्हा ते स्वतः अर्धे बाहेर लटकत होते आणि मी आत ऐटीत बसलो होतो. जानराव बडनेऱ्याला रेल्वेत नोकरीला होते. त्यांची बायको चतुराबाई आणि शाळेत जाणारी मुलगी दीपमाला, एवढंच आमचं घर. मला हॉलच्या खिडकीत बसवलं आणि त्या दिवसापासून ती खिडकी माझी झाली.

काय ते दिवस होते! दुपारी रस्त्यावर कुत्रं फिरत नसे, पण आमच्या हॉलमध्ये शेजारपाजारच्या बायकांची गर्दी. पार्बताबाई तर गहू निवडायचं सूप घेऊनच यायच्या. "तुमच्या कूलरची सर कोनाले नाई बाप्पा," असं त्या म्हणाल्या की मी उगाच थोडा जास्त घरघरायचो. दीपमाला माझ्यापुढे पाय पसरून अभ्यास करायची. कंटाळा आला की पंख्यापुढे तोंड नेऊन "आऽऽऽ" करायची. तिचा आवाज माझ्या पात्यांत सापडून थरथरायचा आणि ती खुदुखुदु हसायची. तो आवाज तिचा एकटीचा नव्हता, अर्धा माझा होता.

माझं खाणं मात्र वाईट. जानरावांचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथं जमिनीखालचं पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो, साबणाला फेस येत नाही आणि पिकाला दिलं तर जमीन खराब होते. आमच्या घरची बोअरही त्याच वाणाची निघाली. नळाचं पाणी आठवड्यातून एकदा येणार, ते प्यायला आणि स्वयंपाकाला. मग बोअरचं कोणी प्यायचं? मी. पाणी हवेत उडून जायचं आणि त्यातला खार माझ्या अंगाला चिकटून राहायचा. वर्षानुवर्षं थरावर थर चढून मी आतून पांढरा झालो. तरी मी कधी कुरकुर केली नाही, निदान ऐकू येईल अशी तरी नाही.

दीपमाला शिकली आणि अमरावतीच्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला लागली. बाप जसा बडनेऱ्याच्या गाडीनं जायचा, तशीच तीही रोज जाऊन येऊन. जानराव तोवर निवृत्त झाले होते. गेल्या हिवाळ्यात ती एक काचेची टाकी घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, याच्यात समुद्र बनवायचा हाये."

मला वाटलं, पोरगी थट्टा करते आहे. पण तिनं खरंच आरओचं पाणी भरलं, त्यात समुद्री मीठ विरघळवलं, खारेपणा मोजायचं यंत्र आणलं, तळाला पांढरी वाळू पसरली, हिरवं शेवाळ लावलं. बुडबुडे सोडणारा एक स्पंज बसवला, तोही अगदी हळू. कारण येणाऱ्या पाहुण्यांना जोराचा प्रवाह सोसत नाही म्हणे. आणि एवढं करून टाकी रिकामीच! महिनाभर ती रोज त्या रिकाम्या पाण्याची तपासणी करायची.

"काय करून राहिली वं?" चतुराबाईंनी एकदा विचारलं.

"पाणी पिकू देऊन राहिली, आई. त्याच्यात चांगले जंतू वाढले पाहिजेत, तवा मासे जगतात."

"आंबे पिकतात, केस पिकतात. पानी पिकताना मी पहिल्यांदाच पाहून राहिली."

मला चतुराबाईंचा त्या दिवशी फार अभिमान वाटला.

पुढे पाहुणे आले. बुटके समुद्रघोडे! आपल्या समुद्रातले घोडे पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे, हे परदेशी जातीचे, टाकीतच जन्मलेले आणि रीतसर नोंदणीचे, असं दीपमाला येईल त्याला सांगायची. घोडे म्हणजे काय, तर शेपटीनं शेवाळाला विळखा घालायचा आणि दिवसभर लोंबकळत राहायचं. ना धावणं, ना खिंकाळणं. यांचं जेवण जिवंत लागतं. त्यासाठी ती बाटलीत बारीक अंडी उबवायची आणि त्यातून निघालेले, डोळ्याला जेमतेम दिसणारे किडे सकाळ-संध्याकाळ भरवायची. मला वर्षातून एकदा नवं गवत मिळतं, तेही होळी होऊन गेल्यावर कोणाला आठवलं तर.

आणि मग तो दिवस आला. या घोड्यांना पाणी थंड लागतं म्हणून माझ्या खिडकीत एसी बसला. मित्रांनो, घरातल्या माणसांनी इतके उन्हाळे माझ्यावर काढले, तेव्हा कोणी एसीचं नाव घेतलं नाही. जानरावांना ताप आला तेव्हाही नाही. मला ओढून पडवीत ठेवलं आणि अंगावर जुनी चादर टाकली. चादरीला एक भोक होतं. त्यातून दाराच्या आतली टाकी मला स्पष्ट दिसायची. दिसली नसती तर बरं झालं असतं.

"उन्हाळा सरला की हा भंगारात देऊन टाकू," जानराव म्हणाले. मी ऐकलं. त्या दिवसापासून मी रोज मनात एकच धावा करू लागलो, की हे घोडे मरोत.

घोडे मरेनात. उलट त्यांच्यातल्या एका नराचं पोट फुगलं. या जातीत पिल्लं बापाच्या पोटातल्या पिशवीत वाढतात, हे दीपमालानं सांगितलं तेव्हा चतुराबाईंनी कपाळावर हात मारला. "बाप गाभन? हे काय नवीनच!" पण जानराव त्या नरापुढे खुर्ची टाकून बसायला लागले. दीपमालाला वाढवताना आपण कायम गाडीवर होतो, ही सल त्यांच्या मनात असावी. ते त्या घोड्याशी हळूच बोलायचे. माझ्याशी ते कधी बोलले नव्हते.

दीपमाला कामावर जाताना आईवडिलांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावायची. "टाकीतलं पाणी कमी झालं तर वरून आरओचंच टाका. उडून जाते ते पाणी, मीठ तिथंच राह्यते. खारं टाकू नका." जानराव मान हलवायचे. पण त्यांच्या डोक्यात भलतंच शिजत होतं.

मे महिन्यातली गोष्ट. जानराव सकाळी गावाला एका लग्नाला गेले होते. मंगलकार्य आटोपून, सगळ्यांना जयभीम करून दुपारी परतले, ते एक मोठी कॅन घेऊन. ओल्या पोत्यात गुंडाळलेली, आत गावच्या विहिरीचं पाणी. नेमकी तेव्हाच वस्तीतली डीपी जळाली आणि लाईट गेली. एसी बंद पडला. बाहेर ऊन असं, की पडवीची फरशी भाजत होती. काचेवर चिकटवलेल्या पट्टीत टाकीचं तापमान चढू लागलं आणि घोडे शेवाळाच्या तळाशी जाऊन गप्प झाले. तो पोटुशी नर सगळ्यांत खाली होता.

चतुराबाईंनी दीपमालाला फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता म्हणून मलाही ऐकू आला. "आई, इन्व्हर्टरवर एसी चालत नाई. पण कूलर चालते! त्याले आत घे, अन् त्याची हवा पाण्यावरून जाऊ दे. गाडी भेटली की मी येतोच. तोवर सांभाळा वं, नाई तं एकबी नाई वाचत."

माझ्या अंगावरची चादर निघाली. मला आनंद झाला असेल असं वाटतं? छे! मी जळून खाक झालो होतो. ज्यांच्यासाठी मला बाहेर काढलं, त्यांनाच आता मी वारा घालायचा! दोघांनी मला फरफटत आत नेलं. माझं एक चाक अडकलं होतं, ते फरशीवर कर्कश करकरलं. मला बरं वाटलं.

चतुराबाई माझी ताटी उघडायला लागल्या. ती खारानं जाम बसली होती. तेवढ्यात जानरावांनी कॅनमधलं पाणी लोट्यात घेतलं आणि टाकीकडे वळले.

"काय करता?"

"टाकीचं पानी कमी झालं ना. हे थंडगार हाये, अन् खारंबी हाये." जानरावांचा चेहरा उजळला होता. "आयुष्यभर आमच्या पान्याले लोकायनं नावं ठेवली. पोरीबी देत नव्हते आमच्या गावात. आता पह्यल्यांदा कोनाले तरी खारं पानी लागून राह्यलं. माह्या पोरीच्या समुद्रात माह्या गावचं पानी असू दे."

मित्रांनो, त्या पाण्याची चव माझ्याइतकी कोणाला ठाऊक? समुद्राचा खार वेगळा आणि आमच्या जमिनीचा वेगळा. माझा पत्रा त्यानं खाल्ला, तिथं त्या इवल्याशा जिवांचं काय झालं असतं? आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, ओता जानराव, ओता. एक लोटा, की खिडकी पुन्हा माझी.

तेवढ्यात चतुराबाईंनी जोर लावला. ताटी एकदम सुटली आणि तिच्याबरोबर माझ्या अंगावरचा पांढरा थर खपलीसारखा निघून फरशीवर पडला. भाकरीएवढा तुकडा. त्यांनी तो उचलून जानरावांपुढे धरला.

"हे पाहा. तुमच्या गावचं पानी अन् आपल्या बोअरचं पानी एकच. त्यानं लोखंडाची ही गत केली. हे त्या पोटुशी लेकराले पाजता?"

जानरावांनी तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग लोटा खाली ठेवला आणि कॅन दोन पायांत धरून दिवाणावर बसले. त्यांचा चेहरा पाहून मला माझी खिडकी आठवली. आपली जागा जाते तेव्हा माणूसही तसाच दिसतो.

चतुराबाईंनी टाकीत आरओचं पाणी घातलं. पण मला पाणी कुठलं? लाईट नाही म्हणजे बोअर बंद, नळाला पाणी येऊन बरेच दिवस झालेले. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "आना ती कॅन इकडे. याच्या पोटात ओता. हेच पानी पचवनारा घरात हा एकच हाये."

जानरावांनी सगळी कॅन माझ्यात रिकामी केली. पंप घरघरला, गवत भिजलं आणि मी वारा सोडला. मनापासून सोडला असं म्हणणार नाही, पण अर्धवट काम मला येतच नाही. थोड्या वेळानं पट्टीवरचा आकडा थांबला आणि मग हळूहळू उतरायला लागला. जानराव माझ्या पत्र्यावर हात ठेवून उभे होते. तो हात त्यांनी बराच वेळ काढला नाही.

संध्याकाळी दीपमाला धावत आली आणि आधी टाकीपुढेच बसली. बसणारच! लाईट आल्यावरही तिनं मला हलवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावं तर टाकीत तिळाएवढी पिल्लं, आणि प्रत्येकाची शेपटी कशाला ना कशाला अडकलेली. बापाचं पोट सपाट.

"बाबा," दीपमाला म्हणाली, "एसी बंद होता. कूलर तुमच्या पाण्यावर चालला. मंग हे कोनाच्या पाण्यानं वाचले?"

जानराव रिकामी कॅन धुवायला म्हणून मोरीत गेले आणि खूप वेळ धूतच राहिले.

मित्रांनो, अजून मी भंगारात गेलेलो नाही. एसीनं खिडकी सोडलेली नाही आणि मीही हेवा सोडलेला नाही. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल, तर एवढंच करा. उन्हाळा सरला की त्याच्या पोटातलं पाणी काढा, अंगावरचा खार खरवडा आणि चादर टाकायचीच असेल तर भोक नसलेली टाका.

पिल्लं झाली त्या दिवशी दीपमालानं स्वतः माझा खार खरवडला, नवं गवत भरलं आणि बटण दाबलं. मग ती टाकीकडे पाठ करून माझ्यापुढे बसली, पंख्यापाशी तोंड आणलं आणि इतक्या वर्षांनी म्हणाली, "आऽऽऽ".

काचेमागून ते सगळे घोडे पाहत होते. पाहू देत.