उपळसरीला दिलेलं आवतण

मष्णूआप्पाचं डोकं वाळूच्या दोन पिशव्यांच्या मधोमध ठेवलं होतं, आणि तिथून ते हलवायचं नाही असा हुकूम होता. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. ऑपरेशन उजव्याचंच झालं होतं. पण डावा मोकळा ठेवला तर तो इकडंतिकडं बघणार, आणि त्याच्या नादानं उजवाही फिरणार, म्हणून त्या निरपराध डोळ्यालाही आत टाकलं होतं. बेळगावच्या कॅम्पातल्या त्या इस्पितळात सत्तर सालच्या आगेमागे मोतीबिंदूचा कायदाच तसा होता. मोतीबिंदू काढला, की माणसानं ओंडका व्हायचं. ओंडका हलला, की डोळा गेला.

पडून राहायला मष्णूआप्पाची ना नव्हती. निपाणीजवळच्या हंचनवाडीत तो झाडपाल्याचा माणूस म्हणून ठाऊक होता. कुणाचा पाय लचकला, कुणाला मुरडा आला, की लोक आधी त्याच्याकडं येत. बरं वाटलं नाही तर डॉक्टरकडं जात, आणि बरं वाटलं तर देवाला नारळ फोडत. ह्या सगळ्यात आपल्या वाट्याला काय येतं, हा विचार त्याच्या मनात कधी आला नाही. त्याच्या बायकोच्या, अंबुबाईच्या मनात तो रोज येई.

डोळ्यावर मात्र त्याच्याकडं औषध नव्हतं. "झाडास्नी सोताला डोळं न्हाईत, ती आपल्याला कुठनं देणार?" असं म्हणून तो पानं हातानं चाचपत आणि नाकानं ओळखत हिंडायचा. शेवटी पोरगा परशराम आला. तो बेळगावात एका कचेरीत कारकून होता. एका संध्याकाळी अचानक येऊन म्हणाला, "बा, खाट रिकामी झालीया. उद्या सकाळच्या पयल्या बसनं निघायचं." आणि मष्णूआप्पा निघाला. आपल्यासाठी कुणी एवढी धावपळ करतंय, ह्याचंच त्याला इतकं कौतुक वाटलं, की बाकीचं सगळं तो विसरला.

ते आठवलं पट्टी बांधल्यावर. बाहेरचं दिसायचं बंद झालं, की आतलं दिसायला लागतं. त्याला दिसला माळाचा उतार, करवंदीची जाळी आणि जाळीच्या बुडाला उपळसरीचा वेल. वेलाच्या पायाशी हळदकुंकू, चिमूटभर अक्षता आणि सुपारी. परशराम आला त्याच संध्याकाळी मष्णूआप्पा ते ठेवून आला होता.

त्याला झाडपाला शिकवला गंगव्वा नावाच्या म्हाताऱ्या धनगरणीनं. तिची रीत अशी, की मुळी कुठलीही असो, नुसती उपटायची नाही. आदल्या संध्याकाळी झाडाकडं जायचं, अक्षता ठेवायच्या, हात जोडून म्हणायचं, "उद्या येतो, माझ्या कामाला ये." मग दुसऱ्या दिवशी उजाडताना जाऊन मुळी घ्यायची. ज्यानं आवतण दिलं, त्यानंच जायचं. नाहीच जमलं, तर घरातल्या माणसानं जाऊन माफी मागायची आणि आवतण माघारी घ्यायचं. तोवर झाड ताटकळतं. "न बोलावलेला पाव्हणा आपल्या आपण जातो," गंगव्वा म्हणायची, "बोलावलेला दारात बसून ऱ्हातो."

शेजारच्या शालूबाईसाठी हवी होती मुळी. दिवसभर विड्या वळून तिच्या तळहातांची आग आग व्हायची. उपळसरी थंड. एवढंच काम होतं.

त्या संध्याकाळी, म्हणजे गार वाटलं म्हणून त्यानं संध्याकाळ धरली, कुणीतरी येऊन खाटेशेजारच्या स्टुलावर बसलं. स्टूल कुरकुरलं नाही, म्हणजे पाव्हणं हलकं असावं. ओल्या मातीचा आणि मुळीचा गोडसर वास आला. अंगात हिरवी बंडी, बंडीच्या मधोमध उपळसरीच्या पानावर असते तशी पांढरी रेघ. पट्टीच्या आत सगळं लख्ख दिसत होतं. ऑपरेशनाला इतक्या लवकर गुण येईल असं डॉक्टरलाही वाटलं नसतं. पाव्हणं काही बोललं नाही. गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिलं. झाडं भांडत नाहीत, हाच त्यांचा वाईट गुण.

"पावणं," पलीकडच्या खाटेवरून आवाज आला, "तुमच्याकडं कोण आलंय वो?"

हा भरमू. खानापूरकडचा, रानातल्या गावचा. त्याच्याही डोळ्यांवर पट्टी होती. दोघांनी एकमेकांना अजून पाहिलं नव्हतं, पण दोघांचं चांगलं जमलं होतं. संसार असाच पट्टी बांधून लावला तर बरेच टिकतील, असं भरमूचं मत होतं.

"तुमाला कसं कळलं?"

"वास सुटलाय की."

मष्णूआप्पानं सगळं सांगितलं. पाव्हणं झाड आहे हे ऐकून भरमूला नवल वाटलं नाही.

"आवतण दिलतासा?"

"दिलतो."

"आणि गेला न्हाईसा."

"न्हाय."

लांब पलटणीतलं बिगुल वाजलं, कुठंतरी चर्चची घंटा झाली. "अवघड हाय," भरमू म्हणाला.

पाव्हणं त्या रात्री गेलंच नाही. पहाटे मष्णूआप्पाच्या पायांनी परस्पर ठरवलं आणि ते खाटेवरून खाली उतरले. डोकंही पिशव्यांमधून उठायला लागलं, तेवढ्यात सिस्टरनं खांदे दाबून धरले. "अलुगाडबेडरी, अज्जा! हलू नका!" सकाळी डॉक्टर आले आणि कानडी, मराठी, हिंदी अशा तिन्ही भाषांत रागावले, म्हणजे कळलं नाही म्हणायला जागा नको. पुन्हा उठलात तर हा डोळा कायमचा गेला, आणि डाव्यातला मोतीबिंदू पिकेपर्यंत देव जाणे.

परशरामाचा चेहरा पडला असणार, कारण त्याचा आवाज पडला होता. "बा, कशासाठी उठत होतास?"

बापानं कारण सांगितलं. परशरामानं ते कचेरीतला अर्ज ऐकावा तसं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग काय करू? झाडाला तार करू?"

"मराठीत केली तर घेत्यात का आता पोस्टात?" भरमूनं विचारलं. त्याला खरोखरच शंका होती. सीमेचं भांडण ऐन भरात होतं, आणि दुकानांच्या पाट्यांवरूनही मारामाऱ्या होत. उपळसरीचा वास तेवढा हद्दीच्या अलीकडं-पलीकडं एकच होता.

"मला कळतंय रं," मष्णूआप्पा म्हणाला. "मी जागा असतोय तवर हलत न्हाय. झोप लागली की पाय चालाय लागत्यात. शब्द दिलाय, त्येला मी काय करू?"

परशराम डोक्याला हात लावून बाहेर गेला. मग इतका वेळ भिंतीला टेकून गप्प बसलेली अंबुबाई बोलली.

"मी जाते."

मष्णूआप्पाला वाटलं, हेही पट्टीच्या आतलंच. झाडांशी बोलतो म्हणून ह्याच बाईनं जन्मभर त्याची टिंगल केली होती. पोरांना ताप आला, तर पोरांनाही ती म्हणायची, 'तुमचा बा तिकडं निरगुडीच्या पाया पडाय गेलाय.'

"तू जातीस?"

"मीबी घरातलीच हाय न्हवं? पर एक हाय. 'अंबे, चल गं,' म्हटल्यावर न्हाय जायाची मी."

"मग?"

"मला आवतण द्या. झाडाला देतासा तसं."

चहाची किटली घेऊन आलेला माणूसही थांबला असावा. कपांचा आवाज थांबला.

"लगीन होऊन आले तवापासनं बघत्ये," अंबुबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, जात्यावर दळताना असतो तसा एका लयीत होता. "झाडाकडं जाताना धुतल्यालं धोतर. हळदकुकू, अक्षता, सुपारी. हात जोडून, 'माझ्या कामाला ये.' आणि मला? 'अंबे, चल गं.' जत्रंला बी तेच, शेण भराय बी तेच."

"पावणं," भरमू म्हणाला, "बाईचं बरोबर हाय."

"तुमी गप पडा."

"पडलोयच की."

ऑपरेशनाच्या दिवशी देवीला वाहिलेलं कुंकू आणि अक्षता अंबुबाईच्या पदराच्या गाठीत होत्या. तिनं गाठ सोडली आणि ते त्याच्या तळहातावर ठेवलं. मष्णूआप्पा अडचणीत आला. झाडाला बुंध्याशी ठेवायचं असतं. बायकोला कुठं, हे गंगव्वानं शिकवलं नव्हतं. डोकं न हलवता त्यानं हात चाचपत पुढं नेला. अक्षता तिच्या ओंजळीत पडल्या. कुंकू कपाळाला लागायचं, ते नाकाच्या शेंड्याला लागलं. तिनं ते तसंच ठेवलं, असं सिस्टरनं नंतर भरमूला सांगितलं.

हात जोडून तो म्हणाला, "अंबुबाई, उद्या सकाळी... माझ्या कामाला या."

एवढ्या संसारात तिला 'या' म्हणायची त्याची ही पहिलीच वेळ. तिनं नाक ओढलं. रडू आलं होतं की सर्दी होती, पट्टीच्या आतून कळायला मार्ग नव्हता.

"येते," ती म्हणाली.

त्या रात्री त्याचे पाय जागच्या जागी राहिले. दुसऱ्या दिवशी पाव्हणं स्टुलावर नव्हतं. बहुतेक तिला भेटायला पुढं गेलं असावं. मष्णूआप्पा दिवसभर अर्धा झोपेत, अर्धा बसमध्ये होता. संकेश्वर गेलं. निपाणी आली, आणि वखारींतल्या तंबाखूचा उग्र वास पट्टीतून आत शिरला. मग ऊन, धूळ आणि पायवाट. पायवाटेवर अंबुबाईचं हिरवं लुगडं पुढं पुढं चाललेलं. तो मागून हाक मारत होता, आणि हाकेचा नुसता वारा होत होता. मध्येच सिस्टर येऊन तोंडात पेज घालायची. ती पेज माळावरच कुणीतरी पाजतंय असं वाटायचं.

दिवे लागल्यावर चपला वाजल्या. त्या चपलांचा आवाज त्याला झाडाच्या वासासारखा ओळखता येत होता.

"गेलतीस?"

"गेलते. कुकू दिसलं. अक्षता मुंग्यांनी नेल्यात, सुपारी हाय."

"काय म्हणालं?"

"झाड हाय ते. काय म्हणणार? मीच म्हणाले."

"काय म्हणालीस?"

"सगळंच." तिनं पाण्याचा घोट घेतला. "आधी माफी मागितली. म्हटलं, आमचा मानूस असाच हाय, मनात वाईट आणू नगासा. मग म्हटलं, आता आलीच हाय तर बसावं घटकाभर. जाळीची सावली बरी हुती. बसले आणि तुमचं सगळं सांगितलं, पयल्यापासनं. बाळंतपणाच्या येळंला मुळी आणाय गेलासा आणि पोरगं झाल्यावर आलासा, ते बी. मधी कवा डोळा लागला कळलं न्हाय. उठले तर ऊन कललंतं, आणि वेलाचं एक पान माझ्या हातावर पडलंतं."

"पडलंतं?" मष्णूआप्पानं विचारलं. "का ठेवलंतं?"

"वारं हुतं," अंबुबाई म्हणाली. पण लगेच म्हणाली नाही.

"मग आवतण माघारी घेतलंस?"

"घेतलं. तुमी सुटलासा." तिच्या बांगड्या वाजल्या. "आणि मी दिलं."

"काय दिलंस?"

"आवतण. माझ्या नावानं. एवढं ताटकळल्यालं, तसंच रिकाम्या हातानं माघारी लावायचं का? शालूबाई वाटंत भेटली. तळहात दाखवलं तिनं. तुमी दिलेल्या अक्षता हुत्या पदरात, त्याच ठेवल्या."

मष्णूआप्पाचं डोकं उठलं असतं. तिनं कपाळावर हात ठेवून ते दाबून धरलं.

"आवतण सांजचं द्यायाचं असतंय," तो कसाबसा म्हणाला.

"ते बी सांगितलं मी त्येला. म्हटलं, आमाला बस असती."

"मग हितं कशाला आलीस? उद्या उजाडताना तिथं पायजेस तू."

"तुमास्नी सांगाय कोण येणार हुतं? कळल्याबिगर झोपेत उठला असतासा, आणि डोळा गेला असता. शेवटच्या बसनं जाते. परशा स्टँडवर सोडतोय."

आता दिलेला शब्द तिचा होता, आणि ती तो घेऊन अंधारातून एकटी जाणार होती. मष्णूआप्पाला एकदम भीती वाटली. अशी भीती त्याला आजवर मुळीसाठी कधी वाटली नव्हती.

"लोखंड लावू नगोस," तो भराभरा सांगायला लागला. "लाकडाच्या खुंटीनं उकर. सगळं मूळ काढू नगोस, निम्मं ठेव, परत फुटाय पायजे. ठेवल्यालं झाकून घे मातीनं. वढ्यावरचा दगड निसरडा हाय."

"ठाऊक हाय."

"तुला कसं ठाऊक?"

"चाळीस वरसं झोपंत हेच बडबडतासा."

चपला वॉर्डाच्या दारापर्यंत वाजत गेल्या, मग जिन्यावर, मग वाजेनाशा झाल्या.

पहाटे पलटणीतलं बिगुल वाजलं. मष्णूआप्पा जागाच होता. पट्टीच्या आत माळ निळसर उजळत होता. त्या उजेडात एक हिरवं लुगडं उतार चढत होतं, हातात खुंटी. ह्या वेळी हाक मारायची नाही, असं त्यानं ठरवलं. माणूस मागं वळून बघतो, आणि पाय चुकतो.

"पावणं," भरमू कुजबुजला, "पोचल्या का वो?"

"वढा वलांडला."

"दगड?"

"चुकवला."

सिस्टर चहा घेऊन आली. "आमेले," असं भरमूनं तिला हळूच सांगितलं, म्हणजे नंतर. दोन ओंडके एवढ्या सकाळी कशात गुंतलेत हे तिला कळलं नाही, पण कप ठेवून ती गेली.

"आणि आता?"

"जाळीपाशी आलीया. बसली." मष्णूआप्पाच्या मानेची शीरही हलली नाही. "आता बोलू नगासा. ती हात जोडाय लागलीया."