माझं भोक बुजवू नका

मित्रांनो, मी एक जुना, भोक पाडलेला स्किलिंग आहे, चांदीचं एक छोटं नाणं. डेन्मार्कच्या टांकसाळीत घणाच्या एका दणक्यात माझ्या अंगावर राजा उमटला. तेव्हापासून मी भित्राच आहे.

भोकाचं कारणही भीतीच. आमच्या किनाऱ्यावर तेव्हा पक्का समज होता की बाप्तिस्मा होईपर्यंत टेकड्यांच्या पोटात राहणारे भुताळी लोक तान्ही मुलं पळवतात, पण चांदीला बिचकतात. म्हणून एका कोळ्याच्या बायकोनं मला खिळ्यानं आरपार भोसकलं आणि दोऱ्यात ओवून पाळण्याला बांधलं. फार दुखलं. पण बाळाची मूठ माझ्यावर आवळली की मी ऐटीत लटकत असे. मूल मोठं झालं आणि मी पेटीच्या तळाशी गेलो.

गेल्या रविवारी रीबे गावात नाणी जमवणाऱ्यांचा मेळा भरला. माझ्या वर्षाचे स्किलिंग मोजकेच उरलेत, तरी मी प्रेबेन या विक्रेत्याकडे फुटक्यातुटक्यांच्या बशीत पडून होतो. सिग्ने नावाच्या निवृत्त टपालवालीनं मला उचललं. या राजाचं नाणं तिला जन्मभर हवं होतं, पण अखंड नाणं तिच्या पेन्शनमध्ये बसत नव्हतं.

“अगं, फाटका सदरा कुणी विकत घेतं का?” तिचा नवरा आस्गर म्हणाला. “उद्या विकायला गेलीस तर कुत्रं विचारणार नाही.”

“विकायचाय कुणाला? अख्ख्यासाठी थांबले तर मीच संपेन.”

“बाई, चांदी वितळवून भोकात भरून देतो, फुकट,” प्रेबेन म्हणाला. “भोक होतं हे कळणारसुद्धा नाही.”

“मग घे की,” आस्गर खूश झाला.

सिग्नेनं मला उजेडात धरून भोकातून पाहिलं. माझी बोबडी वळली. त्या आगीत राजाचं नाक वितळलं असतं आणि मी कायमचा खोटा ठरलो असतो.

“हात लावणार असाल तर राहू दे,” ती शेवटी म्हणाली. “भोक आहे म्हणून तर हा माझ्यापर्यंत आला.”

मित्रांनो, खिशाला परवडत असेल तर आम्हा मोडक्यांना खुशाल घ्या. फक्त आमची खोट लपवू नका आणि आम्हाला घासू नका, घासलं की आमचा चेहरा जातो. आता मी सिग्नेच्या टेबलावर आहे. ती पाव आणायला गेली आहे. तिला खूश करायचं म्हणून आस्गरनं चांदी उजळायची पावडर आणली आहे आणि तो बाह्या सरसावतो आहे. त्याला कुणीतरी सांगा हो.